छोट्या दीर्घिकांमधली कृष्णविवरं क्ष-किरणांत कशी दिसतात?

कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, मग तिथून क्ष-किरण कसे येतात? खरं तर ते आतून येतच नाहीत. विवराकडे ओढला जाणारा वायू आधी त्याच्याभोवती तबकडीसारखा फिरतो आणि घर्षणाने प्रचंड तापतो. तबकडीजवळ त्याहूनही तप्त, विरळ वायू असतो. तबकडीचा प्रकाश त्यातल्या वेगवान इलेक्ट्रॉनना धडकून ऊर्जा कमावतो आणि त्याचे क्ष-किरण होतात.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांएवढं आहे. छोट्या, म्हणजे बटु दीर्घिकांमध्येही अशी विवरं असतील का, याबद्दल बरीच वर्षं शंका होती. १९८९ मध्ये एनजीसी ४३९५ या दीर्घिकेच्या केंद्रात सक्रिय कृष्णविवराची चिन्हं सापडली. ती सुमारे १.४ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. तिच्या विवराचं वस्तुमान काही मोजमापांनुसार दहा हजार सूर्यांएवढं, तर काहींनुसार साडेतीन लाखांच्या वर भरतं. मात्र तिची क्ष-किरणांतली चमक काही मिनिटांत कमी-जास्त होते. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायलाच आठ मिनिटं लागतात. म्हणजे ही चमक येते ती जागा किती आटोपशीर असेल, बघा!

अडचण अशी, की जोडताऱ्यांमधलं साधं कृष्णविवरही सोबतच्या ताऱ्याचा वायू ओढून क्ष-किरण सोडतं. बटु दीर्घिकेच्या केंद्रातला क्षीण ठिपका नेमका कोणाचा, हे त्यामुळे एकट्या क्ष-किरणांवरून ठरत नाही. २०११ मध्ये एमी राइन्स आणि सहकाऱ्यांनी हेनिझ २-१० या बटु दीर्घिकेत एकाच जागी रेडिओ लहरी आणि क्ष-किरण असे दोन्ही पुरावे दाखवले. त्यांच्या अंदाजाने तिथलं विवर सुमारे दहा लाख सूर्यांएवढं होतं. त्यावरही पुढे वाद झालाच.

एवढा आटापिटा कशासाठी? मोठ्या दीर्घिका एकमेकींत मिसळून वाढल्या, त्यामुळे त्यांच्या विवरांच्या जन्माच्या खुणा पुसल्या गेल्या. बटु दीर्घिकांमध्ये त्या शिल्लक असू शकतात. महाकाय विवरांचं बीज पहिल्या ताऱ्यांच्या मृत्यूतून आलं, की वायूचे अवाढव्य ढग थेट कोसळून तयार झालं? किती बटु दीर्घिकांमध्ये विवर आहे, यावरून या प्रश्नाचा अंदाज बांधता येतो.

हे निरीक्षण जमिनीवरून होत नाही. पन्हाळ्यावर कितीही मोठी दुर्बीण बसवली तरी उपयोग नाही, कारण वातावरण हे किरण वाटेतच शोषून घेतं (आपल्या दृष्टीने हे चांगलंच!). म्हणून २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने 'ॲस्ट्रोसॅट' सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर सोडला. त्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआरने बनवली. त्याच्या निरीक्षणांवर काम करणाऱ्यांना मदत करणारा कक्ष पुण्याच्या 'आयुका'त सुरू झाला. आयुका ही १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी उभारलेली संस्था. विद्यापीठांतल्या संशोधकांनाही मोठ्या उपकरणांचा उपयोग करता यावा, हा तिचा हेतू. ठरावीक मुदतीनंतर ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणं इस्रोच्या संग्रहात सर्वांसाठी खुली होतात. ती उतरवून घ्यायला कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला नोंदणी आणि इंटरनेट पुरतं.