विद्यार्थी-काँग्रेस आणि विधेयकाची भाषा

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रिपन महाविद्यालयाचे अध्यापक ब्रूनो ई. जेकब यांनी १९२५ साली माध्यमिक शाळांतील वादपटूंसाठी नॅशनल फोरेन्सिक लीग ही संस्था स्थापिली. (२०१४ पासून तिचे नाव बदलले आहे.) १९३८ मध्ये या संस्थेने आपल्या राष्ट्रीय स्पर्धेस विद्यार्थी-काँग्रेसची जोड दिली. तोवरच्या वादसभेत विषय नेमून दिलेला असे व विद्यार्थ्याने नेमलेली बाजू लढवावयाची असे. काँग्रेसमध्ये मात्र मजकूर विद्यार्थ्यांनीच लिहून आणावयाचा, आणि अध्यक्षही त्यांनीच आपल्यातून निवडावयाचा.

या सभेच्या नियमांचे कूळ जुने आहे. सेनेटचे अध्यक्षपद सांभाळताना टॉमस जेफर्सन यांनी सिद्ध केलेली नियमपुस्तिका १८०१ साली प्रसिद्ध झाली. ती संसदेपुरती होती. सामान्य सभांची अडचण दूर केली ती हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने. १८६३ मध्ये न्यू बेडफर्ड येथे एका सभेचे अध्यक्षस्थान अकस्मात गळ्यात पडले, तेव्हा त्याची तारांबळ उडाली. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथे ठिकठिकाणांहून आलेली माणसे आपापल्या गावची रीतच खरी मानून भांडत असल्याचे त्याला दिसले. १८७६ चे त्याचे नियमांचे पुस्तक याच अनुभवातून जन्मले. विद्यार्थी-काँग्रेसने त्यात स्वतःची भर घातली: ज्याची भाषणे कमी झाली त्यास आधी संधी, भाषणे समान असतील तर ज्यास बोलून अधिक वेळ झाला त्यास. मोठ्या आवाजाच्या वक्त्यास सभा बळकावता येत नाही, ती यामुळेच.

परंतु खरी कसोटी लेखनाची. ठराव हा मत व्यक्त करतो. त्यात आधी ‘ज्याअर्थी’ची कारणे व मग ‘त्याअर्थी’चा निर्णय. विधेयकात कारणमीमांसेस थाराच नाही. ‘अधिनियमित होवो’ या अर्थाच्या विध्यर्थी वाक्याने प्रारंभ करून नंतर क्रमाने काय करावयाचे, शब्दांच्या व्याख्या कोणत्या, अंमल कोणत्या खात्याने करावा व केव्हापासून, हे सांगावे लागते. विसंगत कायदे रद्द ठरविणारे कलम शेवटी येते. अमेरिकी काँग्रेसच्या खऱ्या अधिनियमांचे प्रारंभवाक्य १८७१ च्या कायद्याने ठरून गेलेले आहे. मराठीत राज्याचे अधिनियम ‘करण्यात येत आहे’ अशा वर्तमानकाळी कर्मणि रचनेने आरंभ होतात. इंग्रजीत इच्छेचे रूप, मराठीत घडत्या क्रियेचे. दोहोंचा परिणाम मात्र एकच.

नवशिक्याची चूक बहुधा कर्त्याच्या जागी होते. ‘मद्यपानाचे किमान वय २१ असावे’ एवढे लिहून भागत नाही, कारण हा विषय राज्यांच्या अखत्यारीतला. १९८४ साली काँग्रेसने राज्यांना तशी थेट आज्ञा केली नाही. जे राज्य वयोमर्यादा २१ हून खाली ठेवील त्याच्या महामार्ग-अनुदानाचा काही भाग रोखावा, असे लिहिले. साउथ डकोटा राज्याने आव्हान दिले, तरी १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. वाक्याचा कर्ता राज्याऐवजी अनुदान देणारे खाते झाले, एवढ्यावर तो तरला. संविधानात दुरुस्ती सुचवावयाची तर विधेयक चालत नाही, ठरावच लागतो. सोळा वर्षांच्या मुलास हा भेद व्याख्यानाने क्वचितच पटतो. विधेयक मांडून झाल्यावर प्रश्नांसाठी दोन मिनिटे असतात, आणि ‘याचा अंमल कोण करणार?’ हा प्रश्न तेथे हटकून येतो.