ताटातला पांढरा भात

शाळांत कोरडे तांदूळ वाटणे थांबून शिजवलेली खिचडी मिळू लागली, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याकडच्या एका लहान शाळेत मी त्या वेळी शिकवत होतो. दुसरीत एक मुलगा होता. खिचडीचे ताट समोर आले की तो उठे आणि भिंतीकडे तोंड करून बसे. हाक मारली तरी वळत नसे. कोणाची सायकल दिसली की तिचे चाक फिरवत तासभर बसे. आपण विचारलेला प्रश्नच उत्तर म्हणून परत म्हणे. शाळेमागच्या झाडाची हिरवी चिंच मात्र तो मजेत खाई, तोंड जरासुद्धा वाकडे न करता.

आईला बोलावून विचारले. ती म्हणाली, "गुर्जी, त्याले पांढराच भात लागते. पिवळा झाला का तोंडातबी घेत नाही." घरी वरण, भाजी, लाखोळीची डाळ, पावसाळ्यात सात्या आणि वास्ते, सगळे होई. हा मात्र नुसता भात, मीठ आणि चिंच एवढ्यावर वाढलेला.

मी तिला सल्ला दिला. आपल्याकडे म्हणच आहे, भुकेला कोंडा नि निजेला धोंडा. दोन दिवस पांढरा भात बंद करा, आपोआप खाईल. तिने ऐकले, कारण सांगणारा गुरुजी होता. तिसऱ्या दिवशी ती त्याला कडेवर घेऊन आली. सात वर्षांचे पोर मान टाकून होते. दोन दिवसांत पाणी आणि चिंच, याखेरीज त्याच्या पोटात काही गेले नव्हते. ती मला काही बोलली नाही. तिने फक्त घरी पुन्हा पांढरा भात सुरू केला.

माझा सल्ला चुकला तो कुठे, हे शोधता शोधता बरेच वाचन झाले. त्यातून जो इतिहास हाती आला तो शिक्षकांच्या उपयोगाचा वाटतो, म्हणून लिहितो.

"भूक लागली की मूल खाईलच" या समजुतीला विज्ञानाचाही आधार आहे, निदान तसे मानले गेले. क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२६ च्या सुमारास एक धाडसी प्रयोग सुरू केला. नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या बाळांपुढे त्यांनी निरनिराळे पदार्थ मांडले आणि हवे ते, हवे तितके खाऊ दिले. परिचारिकांना ताकीद होती की आग्रह करायचा नाही आणि शाबासकीही द्यायची नाही. अशा १५ मुलांचा वृत्तांत त्यांनी १९३९ मध्ये मांडला. प्रत्येकाची आवड वेगळी, कोणी दिवसचे दिवस एकाच पदार्थावर. तरी सगळी मुले धडधाकट वाढली. यावरून "शरीराला आपोआप कळते" असा निष्कर्ष पालकांपर्यंत पोचला. डेव्हिसबाईंनी स्वतः मात्र बजावले होते की खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. यादीतले ३४ पदार्थ साधे व सकस होते, साखर-मैद्याचे त्यात काही नव्हते. हा इशारा लोक विसरले. आणि त्या १५ मुलांत भुकेपेक्षा घासाची भीती मोठी असलेले मूल बहुधा नव्हतेच.

तसे मूल वैद्यकाच्या कागदावर आले ते १९४३ मध्ये. अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी त्या वर्षी ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली आणि आज आपण ज्याला स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतो त्याची ओळख जगाला करून दिली. (स्वमग्न हा शब्द मला फारसा आवडत नाही. मूल आपल्यातच आनंदात बुडाले आहे असे त्यातून वाटते. पण आता रूढ झाला आहे, असो.) कॅनर यांच्या लेखातला एकटेपणा आणि तोचतोपणाचा आग्रह सर्वांच्या लक्षात राहिला. त्यातच असलेले जेवणाविषयीचे टिपण मागे पडले. ११ पैकी सहा मुलांना जन्मापासूनच खाण्याची मोठी अडचण होती. एका मुलीला तर वर्षाची होईपर्यंत नळीने भरवावे लागले होते. कॅनर यांनी लावलेला अर्थ असा की, बाहेरचे जग मुलाच्या आयुष्यात पहिल्यांदा घुसते ते अन्नाच्या रूपाने, आणि ही मुले त्या घुसखोरीला विरोध करतात. मोठा आवाज हीदेखील त्यांनी तशीच घुसखोरी मानली. अन्न आणि आवाज यांना एका ओळीत बसवणे ही त्यांची सूक्ष्म दृष्टी होती.

त्या ११ जणांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. त्याच्या वडिलांनी कॅनरना ३३ पानांचे पत्र लिहिले होते. भूक अशी त्याला कधी नसतेच, इतर मुले मिठाई आणि आइस्क्रीम खाताना पाहूनही त्याला मोह होत नाही, असे घरच्यांचे निरीक्षण होते. डोनाल्डचे गाव मिसिसिपी राज्यात, आणि गावाचे नाव फॉरेस्ट, म्हणजे जंगल! आमच्या झाडीपट्टीतल्या वाचकांना गंमत वाटेल. त्याच गावात बँकेत नोकरी करत, गोल्फ खेळत, ओळखीच्या माणसांत तो जगला आणि २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी वारला.

कॅनरनंतर वर्षभरात व्हिएन्नातल्या हान्स अ‍ॅस्परगर यांनी आपली निरीक्षणे छापली. त्यांनी चवीबद्दल स्वतंत्रपणे लिहिले आहे. या मुलांच्या आवडीनिवडी टोकाच्या असतात. बऱ्याच जणांना फार आंबट किंवा झणझणीत पदार्थ आवडतात, आणि भाज्या व दूधदुभते यांचा कायमचा तिटकारा असतो. हे वाचले तेव्हा मला शाळेमागची चिंच आठवली. (नाझी राजवटीत अपंग मुलांना ज्या संस्थेत ठार मारले जाई, तिथे अ‍ॅस्परगर यांनीही काही मुले पाठवली होती, हे २०१८ मध्ये कागदपत्रांसह उजेडात आले. निरीक्षण बारकाईचे असले की माणूसही मोठा असतो असे नाही.)

पुढची वीस-पंचवीस वर्षे वाया गेली असे म्हणावे लागते. दोष आईवर आला. थंड स्वभावाच्या आईबापांमुळे मूल असे होते, हा विचार कॅनर यांच्या पुढच्या लिखाणातही डोकावतो. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. अशा वातावरणात घास नाकारणे म्हणजे आईला नाकारणे, असा अर्थ सहज निघतो. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, १९६४ मध्येच या मताला पुस्तक लिहून उत्तर दिले होते आणि मूळ मेंदूच्या घडणीत असल्याचे मांडले होते. आज शास्त्राने आईला दोषमुक्त केले आहे. आपल्या गावात मात्र "लाडावून ठेवलंय" हे वाक्य अजून ऐकू येते. तेही बेटलहाइमच, फक्त मराठीत.

मग मूल घास का नाकारते? घास तोंडात गेला की जीभ फक्त चव सांगते असे आपण वर्गात शिकवतो. प्रत्यक्षात स्पर्श, वास, उष्णता, चावण्याचा आवाज आणि त्याआधी डोळ्यांना दिसणारा रंग, हे सगळे मिळून घास होतो. बहुतेकांचा मेंदू यातला बराचसा तपशील गाळून टाकतो. अनेक स्वमग्न मुलांत ही गाळणी वेगळी असते: काही संवेदना फार तीव्र, काही जवळजवळ नाहीतच. टेंपल ग्रँडिन यांच्यासारख्या स्वमग्न व्यक्ती १९८६ पासून स्वतःच्या अनुभवातून हे लिहू लागल्या, तेव्हा डॉक्टरांना ते गांभीर्याने घ्यावे लागले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत संवेदनांचा हा वेगळेपणा लक्षण म्हणून नोंदला गेला तो थेट २०१३ मध्ये, म्हणजे कॅनर यांच्या लेखानंतर ७० वर्षांनी.

आता खिचडीकडे पाहा. कधी घट्ट, कधी पातळ. मधेच मोहरी, मधेच न शिजलेला वाटाणा, मिरचीचा तुकडा. दोन घास कधी सारखे नसतात. पांढरा भात मात्र रोज भातासारखाच लागतो. कारखान्यातले बिस्किटही तसेच, पुडा कुठलाही फोडा. ज्याला अनपेक्षित स्पर्शाने ओकारी येते त्याच्यासाठी सारखेपणा म्हणजे सुरक्षितपणा. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न मुलांनी पुढे केलेल्या पदार्थांपैकी सुमारे ४२ टक्के नाकारले. इतर मुलांनी सुमारे १९ टक्के. म्हणजे नखरे सगळीच मुले करतात, पण अंतर दुपटीहून जास्त आहे. शिवाय इतरांचा नवख्या अन्नाचा संशय दोन ते सहा वर्षांत जोरात असतो आणि मग ओसरतो. या मुलांचा तसा ओसरत नाही.

इथे आश्रमशाळेतल्या शिक्षकांना एक सूचना द्यायला हवी. भामरागडकडचे माडिया मूल पहिल्यांदा वसतिगृहात येते आणि पोळी, उसळ ढकलून देते, ते नवखेपण असते. भात आणि आंबील यांवर वाढलेल्या जिभेला वेळ द्यावा, मित्र खाताना दिसले की ते खाऊ लागते. प्रत्येक नकाराला आजाराचे नाव देणे हीदेखील चूकच.

आईवरचा दोष गेला, तसा अन्नावर दोष आला. गव्हातल्या आणि दुधातल्या प्रथिनांचे अर्धवट पचलेले तुकडे मेंदूवर अफूसारखे काम करत असावेत, ही कल्पना १९७९ मध्ये याक पांकसेप यांच्या मांडणीतून पुढे आली. तेव्हापासून जगभरच्या पालकांनी गहू-दूध बंद करून पाहिले. काळजीपूर्वक केलेल्या लहान चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही. मला तर हे वाचताना आमचा जंगलपट्टा आठवे. इथे मुख्य अन्न भात, आणि माडिया घरांत पूर्वी गाईचे दूध काढण्याची रीतच नव्हती, ते वासराचे. आधीच भातावर जगणाऱ्या पोराचे आणखी काय बंद करणार? ज्या मुलाच्या ताटात चारच पदार्थ उरले आहेत, त्यातले दोन काढणे धोक्याचे असते.

सिक्रेटिनची कथा तर वर्गात सांगण्यासारखी आहे. हे आतड्यात तयार होणारे द्रव्य. १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी शोधलेले हे पहिले संप्रेरक. १९९८ मध्ये तीन स्वमग्न मुलांना ते पोटाच्या तपासणीसाठी टोचले असता मुले बोलू लागल्याचा अहवाल आला, आणि औषधासाठी झुंबड उडाली. १९९९ मध्ये ६० मुलांवर चाचणी झाली. कोणाला सिक्रेटिन, कोणाला नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय, हे पालकांना व तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिन हवेच होते! त्यांना हसू नये. आपले मूल जेवावे, बोलावे म्हणून माणूस काय काय करून पाहत नाही?

अलीकडे आतड्यातल्या जिवाणूंचा बोलबाला आहे. स्वमग्न मुलांतले जिवाणू वेगळे, म्हणून तेच कारण, असे म्हटले जाई. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २४७ मुलांच्या अभ्यासाने बाण उलटा फिरवला: मुले मोजकेच पदार्थ खातात म्हणून जिवाणूंची विविधता कमी होते. कार्य आणि कारण यांची अदलाबदल कशी होते, याचे इतके सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडत नाही.

या सगळ्यात आपल्या दृष्टीने कळीची गोष्ट वजनकाट्याची आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीत मुलाला वजनावरून ओळखले जाते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ते योग्यच होते. इथली बालमृत्यूची लढाई 'सर्च' संस्थेच्या कामामुळे सर्वांना माहीत आहे. पण नुसत्या भातावर किंवा बिस्किटांवर वजन बऱ्यापैकी टिकते. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा स्वमग्न मुलांची वाढ इतरांसारखीच आढळली, कमी पडत होती ती प्रथिने आणि कॅल्शियम. वजनाचा आलेख नीट असताना क जीवनसत्त्वाअभावी हिरड्यांतून रक्त येऊन मूल लंगडू लागल्याची, किंवा तळलेल्या बटाट्यांवर जगणाऱ्या मुलाची दृष्टी अ जीवनसत्त्वाअभावी अधू झाल्याची उदाहरणे श्रीमंत देशांतल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. उलट, आपल्याकडे मूल हडकुळे असले तर हिवताप, सिकलसेल, गरिबी अशी कारणे समोर असतातच. ताटात असूनही न खाणारे पोर त्या गर्दीत दिसत नाही.

ते दिसावे अशी व्यवस्था उशिरा का होईना आली. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते; १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्याने पूर्ण मान्यता दिली. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नता आहे. देशातल्या पाच ठिकाणी, त्यांत उत्तर गोवाही होते, झालेल्या आणि २०१८ मध्ये छापलेल्या पाहणीत शंभरात सुमारे एक मूल स्वमग्न आढळले. पथकाला दहा मिनिटांत जे दिसणार नाही ते शिक्षकाला वर्षभर दिसत असते: कोण काय खातो, कोणता पदार्थ पाहून उठतो, हिरड्या कशा आहेत. एक पानभर टिपण हातात दिले तर त्यांचे काम सोपे होते.

माझ्या वेळी ती पथके नव्हती. त्या मुलाचे निदान कोणी केले नाही, आणि मी डॉक्टर नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी मात्र, मला न विचारता, एका लहान गंजात मूठभर तांदूळ वेगळे शिजवायला सुरुवात केली. शेजारी वाटीत चिंचेचे सार ठेवत. भातावर ओतत नसत, नुसते ठेवत. बरेच दिवस त्याने वाटीला हात लावला नाही. मग एकदा बोट बुडवले. तिसरीत असताना तो साराबरोबर भात खाऊ लागला, आणि मावशी साराला वरणाचे पाणी थोडे थोडे लावू लागल्या. चौथीपर्यंत साराचा रंग बराच पिवळा झाला होता. खिचडी त्याने शेवटपर्यंत खाल्ली नाही.