एक मिलिमीटरची पट्टी आणि १८०७ चा पूल

१/ स्वित्झर्लंडमधील सिन्स गावाजवळ रॉइस नदीवर छप्पर असलेला एक लाकडी पूल आहे. १८०७ साली तो घोडागाड्यांसाठी उभारला गेला. पुढे त्यावरून मोटारी धावू लागल्या. वाढत्या भाराने एक प्रश्न उभा केला: वारसा जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे?

२/ या पुलाने युद्धही सोसले. १८४७ च्या झोंडरबुंड यादवीत त्याचा पूर्वेकडील भाग उद्ध्वस्त झाला. १८५२ मध्ये तो वेगळ्या रचनेने पुन्हा बांधण्यात आला. म्हणजे उरलेले मूळ लाकूड अधिकच मोलाचे.

३/ भार येताच तुळई किंचित वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. लाकडातील गाठी आणि तिरकस रेषा ताणापुढे दुबळ्या ठरतात. म्हणून तुळई बहुधा खालून तुटते.

४/ रूढ उपाय दोन. तुळई बदलली तर जुने लाकूड जाते. पोलादाची जोड दिली तर वजन वाढते, गंजाची चिंता उरते.

५/ एम्पा या स्विस संशोधनसंस्थेने तिसरा मार्ग शोधला: कार्बनचे सूक्ष्म तंतू राळेत बांधून केलेली पट्टी. १९९१ मध्ये ल्युसर्नच्या इबाख येथील काँक्रीटच्या पुलावर १७५ किलो पोलादाचे काम अशा सुमारे ६ किलो पट्ट्यांनी केले.

६/ १९९२ मध्ये सिन्सची पाळी आली. सर्वाधिक भार सोसणाऱ्या दोन आडव्या ओक तुळयांना सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवल्या गेल्या. ताणाचा काही वाटा पट्टीने उचलला. तुळया जागीच राहिल्या.

७/ पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९३ मध्ये, याच नदीवर वरच्या अंगाला असलेला ल्युसर्नचा मध्ययुगीन कापेलब्र्युके आगीत जळाला. १९९४ मध्ये तो पुन्हा खुला झाला. रूप परतले, जळालेल्या भागातले जुने लाकूड मात्र कायमचे गेले.

८/ सिन्समध्ये लाकूड टिकले, पण आता ते एकटे भार पेलत नाही. शिवाय इपॉक्सीचा सांधा सहज सोडवता येत नाही, आणि दुरुस्ती शक्यतो पूर्ववत करता यावी, असा जतनशास्त्राचा आग्रह असतो. आक्षेप रास्त आहे. परंतु काढून टाकलेली तुळईसुद्धा पूर्ववत करता येत नाही. त्या दोन हानींपैकी सिन्सने लहान हानी निवडली.