अर्नोल्ड प्रकरण : उडत्या तबकड्यांची लष्करी चौकशी

'उडती तबकडी' हा शब्द जगभर रूढ झाला तो अमेरिकेतील एका नागरिकाने दिलेल्या माहितीमुळे. त्या माहितीच्या लष्करी चौकशीचा इतिहास मात्र फारसा परिचित नाही.

केनेथ अर्नोल्ड हे आयडाहो राज्यातील बॉइसी येथील व्यावसायिक. अग्निशमन साहित्याच्या विक्रीसाठी ते स्वतःच्या छोट्या विमानाने प्रवास करीत. २४ जून १९४७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर परिसरात ते लष्कराच्या एका बेपत्ता मालवाहू विमानाचा शोध घेत होते. दुपारी तीनच्या सुमारास त्यांना नऊ चकाकणाऱ्या वस्तू ओळीने दक्षिणेकडे जाताना दिसल्या. माउंट रेनियर ते माउंट अ‍ॅडम्स हे अंतर त्या वस्तूंनी १ मिनिट ४२ सेकंदांत कापल्याची त्यांनी घड्याळात नोंद केली. त्यावरून हिशेब केला असता वेग ताशी १,२०० मैलांहून अधिक निघाला. त्या वेळी कोणत्याही विमानाने ध्वनीचा वेग ओलांडल्याची नोंद नव्हती. चक येगर यांनी तो विक्रम केला ऑक्टोबर १९४७ मध्ये.

पाण्यावर फेकलेली बशी जशी टप्पे घेत जाते, तशी त्या वस्तूंची गती होती, असे अर्नोल्ड यांनी सांगितले. वृत्तपत्रांनी गतीची उपमा आकाराला लावली आणि 'उडती तबकडी' जन्माला आली. प्रत्यक्षात अर्नोल्ड यांनी लष्करासाठी काढलेल्या आकृतीत वस्तू पुढून गोलसर व मागे निमुळती आहे.

शीतयुद्धाच्या उंबरठ्यावर असलेल्या लष्कराला प्रश्न पडला तो सुरक्षेचा. कॅलिफोर्नियातील हॅमिल्टन फील्ड येथून गुप्तवार्ता विभागाचे लेफ्टनंट फ्रँक ब्राउन व कॅप्टन विल्यम डेव्हिडसन यांनी १२ जुलै रोजी बॉइसी येथे अर्नोल्ड यांची भेट घेतली. अर्नोल्ड सांगतात ते त्यांनी खरोखरच पाहिले असावे, असा त्यांचा अभिप्राय होता.

महिनाअखेरीस टॅकोमा येथील दोघांनी उडत्या तबकडीचे अवशेष आपल्याजवळ असल्याचा दावा केला. अर्नोल्ड यांनी बोलावल्यावरून हेच दोन अधिकारी तेथे गेले. परतताना १ ऑगस्टच्या पहाटे त्यांचे बी-२५ विमान केल्सोजवळ कोसळले व दोघेही मृत्युमुखी पडले. इंजिनाला आग लागली होती. विमानातील इतर दोघे हवाई छत्रीच्या साहाय्याने बचावले. टॅकोमाचा तो दावा पुढे बनाव ठरला.

हवाई दलाने नंतर 'साइन', 'ग्रज' व 'ब्लू बुक' या योजनांद्वारे चौकशी चालू ठेवली. सल्लागार खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन हायनेक यांनी अर्नोल्ड यांच्या आकड्यांतील विसंगती दाखविली. वीस-पंचवीस मैलांवरील पन्नास फुटी वस्तूचा आकार डोळ्याला स्पष्ट दिसणे शक्य नाही. वस्तू जवळ असतील, तर त्यांचा वेगही सामान्य विमानाइतका ठरतो. अखेरीस दप्तरी 'मृगजळ' अशी नोंद झाली. १९६९ मध्ये 'ब्लू बुक' बंद झाली, तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनिर्णित होत्या.

साक्षीदाराचा प्रामाणिकपणा चौकशीतून पारखता येतो. त्याने पाहिलेली वस्तू मात्र एका दृष्टिक्षेपावरून मोजता येत नाही. अर्नोल्ड प्रकरणात खोटे बोलल्याचा ठपका कोणावर आला नाही आणि त्या नऊ वस्तू कोणत्या, हेही निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. दोन अधिकाऱ्यांचे प्राण गेले ते मात्र एका बनावापायी.