काचपेटीतला रक्तबीज

मागे एकदा पुतण्याकडे, इंग्लंडातल्या एक्झेटरला, तीन महिने मुक्कामाला होतो. त्याच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची एक भलीमोठी काचपेटी आहे. तिच्यात प्रवाळ, दोनचार रंगीत मासे आणि खडकांचा एक ढीग. एके सकाळी चहा घेऊन खाली आलो तो हा गृहस्थ हातात इंजेक्शनची सुई घेऊन पेटीपुढे गुडघ्यांवर बसलेला.

‘काका, जरा बॅटरी धरा.’

मी बॅटरी धरली. खडकाच्या एका फटीत तपकिरी, अर्धपारदर्शक असे एक इवलेसे फूल डुलत होते. चांगले देखणे होते. पुतण्याने सुई हळूच त्याच्या तोंडाशी नेली आणि आतला पांढरा लगदा सोडला. फूल आक्रसले, विरघळल्यासारखे झाले. तो पांढरा लगदा म्हणजे काय असावे? चुना! आपण पानाला लावतो तोच. समुद्रपुष्पाला तो जाळून टाकतो.

हे समुद्रपुष्प त्याने विकत घेतलेले नव्हते. प्रवाळाच्या एका तुकड्याला चिकटून ते बिनतिकिटाने घरात शिरले. ओरबाडायला जावे तर तळव्याचा जो कण खडकाला चिकटून राहतो, त्यातून नवे समुद्रपुष्प उभे राहते. रक्तबीजाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. ती इथे पंधरा इंच पाण्यात रोज घडत होती. वाढता वाढता ते शेजारच्या प्रवाळाला आपल्या नांग्यांनी दंश करते आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याची जागा बळकावते. पुतण्याने चार वर्षे वाढवलेले एक प्रवाळ असेच गेले होते. त्याचा राग मला समजत होता. तरी बॅटरी धरताना हात थोडा अवघडला, हे खरे.

या प्राण्याचे नाव विचारले. ‘आयप्टेसिया,’ तो म्हणाला. मी जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. नाव कानावर पडले की ते कोणी ठेवले हे शोधल्यावाचून चैन पडत नाही. शोधले, आणि चकित झालो. हे कुलनाम १८५८ साली ठेवले फिलिप हेन्री गॉस याने. म्हणजे घरात समुद्र पाळायचे वेड ज्याने साऱ्या इंग्लंडाला लावले, त्याच गृहस्थाने! २०१४ साली शास्त्रज्ञांनी पेट्यांतल्या नेहमीच्या उपद्रवी जातीला ‘एक्झायप्टेसिया’ या वेगळ्या कुळात घातले. पण गॉसचा शब्द त्यातूनही गेलेला नाही.

हा गॉस (१८१०–१८८८) मोठा विलक्षण माणूस. कडवा धर्मनिष्ठ आणि तितकाच कडवा निरीक्षक. १८५२ साली प्रकृतीसाठी तो याच डेव्हनच्या किनाऱ्यावर आला आणि खडकांतल्या डबक्यांवर ओणवा झाला तो जणू कायमचा. पुढच्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, त्याला जीव पुरवणाऱ्यांत तो होता. १८५४ साली त्याचे ‘द अक्वेरियम’ हे रंगीत चित्रांचे पुस्तक निघाले, आणि आज आपण सहज वापरतो तो शब्द रूढ झाला.

अर्थात सुरुवात त्याच्या आधीची. ॲना थिन नावाच्या बाईंनी १८४६ साली टॉर्कीहून काही पोवळी लंडनला नेली. प्रवासात आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने त्यांना स्पंजाला टाचले होते. समुद्राचे पाणी मिळेनासे झाले की खिडकीशी उभे राहून मोलकरणीने तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचे, म्हणजे त्याला हवा मिळे. त्या मोलकरणीचे नाव कोणी लिहून ठेवलेले मला आढळले नाही. पुढे बाईंनी जिवंत शेवाळ चिकटलेले दगड मागवले. असा दगड आला की त्याच्या फटीफटींतले पाहुणेही येणारच.

रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाची हकीकत मला फार आवडते. १८५० च्या सुमारास त्याने गोड्या पाण्यात मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. पाने कुजू लागली, पाणी घाण झाले. त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, आणि त्यांची अंडी माशांनी खाल्ली. काच स्वच्छ राहिली.

मग साथ पसरली. काचेवरचा कर १८४५ सालीच उठला होता. आगगाड्या किनाऱ्यापर्यंत गेल्या होत्या. गॉस स्वतः लोकांचे जथे घेऊन किनाऱ्यावर शिकवण्या करी. आणि लोक शोधत काय होते? समुद्रपुष्पे! दगडावर एखादे आगंतुक निघाले तर घरात आनंदीआनंद. एडिंबरोच्या सर जॉन डालयेल यांनी १८२८ साली उचललेले एक समुद्रपुष्प ‘आजीबाई’ म्हणून प्रसिद्ध झाले. मालक १८५१ साली वारले. आजीबाई मात्र एका घरातून दुसऱ्या घरात जात १८८७ पर्यंत जगल्या.

या प्रेमाची किंमत किनाऱ्याने दिली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या आठवणींत लिहिले आहे की, लहानपणी पाहिलेली ती भरलेली डबकी संग्राहकांनी लुटून नेली. आणि वडिलांनाही याचे दुःख होते. मला वाटते, पुस्तक इतके चांगले लिहिले जावे आणि त्याचे फळ हे असावे, यापरते लेखकाचे दुर्दैव नाही.

मग तेच फूल शत्रू केव्हा झाले? जेव्हा पेटीत प्रवाळ आले तेव्हा. जकार्ताच्या ली चिन एंग या शौकिनाने १९६१ साली आपली रीत छापून प्रसिद्ध केली: समुद्रातला जिवंत खडक जसाच्या तसा पेटीत ठेवायचा, हवेचे बुडबुडे सोडायचे, बाकी काम त्या खडकावरचे जीव करतात. रीत खरी ठरली. पण खडक येतो म्हणजे सारे गावच येते. त्यात सज्जन असतात तसे दरोडेखोरही. कॉर्नवॉलमधल्या न्यूकी येथील मत्स्यालयात प्रवाळे रात्रीत कुरतडली जात. सापळे लावले, तेही फुकट. शेवटी २००९ साली एकेक दगड उचलून पाहिले तेव्हा खाली सुमारे चार फूट लांबीचा केसाळ किडा निघाला. लोकांनी त्याचे नाव ‘बॅरी’ ठेवले. इंग्रज माणूस कशालाही नाव ठेवून घरचा करतो!

पुतण्याचा चुना अपुरा पडला. एक टिपले की चार नवी. शेवटी त्याने टपालाने ‘बर्गिया’ आणल्या. या शिंपल्याविना हिंडणाऱ्या नखाएवढ्या समुद्री गोगलगायी, आणि त्यांचे अन्न एकच: आयप्टेसिया. दुसऱ्या कशाला त्या तोंड लावत नाहीत. मला वॉरिंग्टन आठवला. रोज रात्री दिवा मालवल्यावर त्या निघत. सहा-सात आठवड्यांत खडक स्वच्छ झाला.

‘आता यांचे काय?’ मी विचारले.

‘खायला नाही, काका. उपाशी मरतील.’

त्याने दोन दिवस काही केले नाही. मग दुसऱ्या गावच्या एका शौकिनाला, ज्याची पेटी त्याच रोगाने ग्रासली होती, उरलेल्या नेऊन दिल्या. पिशवीतले पाणी मात्र मोरीत ओतण्यापूर्वी त्यात जंतुनाशक घातले. हा त्याचा नेम आहे. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली समुद्रात पेटीतल्या एका शेवाळाचा जेमतेम वावभर ठिपका सापडला, आणि पुढे त्याने भूमध्य समुद्राचा तळ एकरांनी व्यापला, हे त्याला ठाऊक आहे.

एक गोष्ट त्याने मला जाता जाता सांगितली. प्रवाळे उष्णतेने पांढरी का पडतात याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत आयप्टेसियाच पाळतात. प्रवाळासारखेच सूक्ष्म शेवाळ त्याच्या अंगात राहते आणि ते मरता मरत नाही, म्हणून. ज्याच्यापासून प्रवाळ वाचवायचे, त्याच्याकडूनच प्रवाळाचा रोग शिकायचा.

मुंबईस परतल्यावर महिन्याभराने त्याचे पत्र आले. पंप धुवायला काढला, तर आतल्या नळीच्या वळणावर एक बसले होते. तपकिरी, बोटाच्या पेराएवढे. ‘अजून सुई लावलेली नाही,’ असे त्याने लिहिले होते.