‘स्वखुशीने’ म्हणजे नेमकं काय?

कळमनुरी असो की कोणतंही तालुक्याचं गाव, बाँडवर लिहून घेताना एक ओळ हमखास येते : हे मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात इच्छास्वातंत्र्यावर बराच काथ्याकूट चालतो. सामान्य माणसाचा प्रश्न मात्र साधा असतो : याला नाही म्हणता आलं असतं का?

ही कसोटी आपल्या इतिहासाला लावू. मेलेलं ढोर ओढणं, सांगावा घेऊन रातोरात धावणं, याला गावाने ‘हक्क’ असं नाव दिलं होतं. नकार दिला की बलुतं बंद, बहिष्कार. ज्याला नाही म्हणायची सोयच नाही, त्याच्या होकाराला स्वखुशी कसं म्हणायचं? वर हे मागल्या जन्माचं फळ, असं समजावणारे होतेच. बुद्धाच्या काळातही मक्खली गोसाल सांगत होता की सगळं नियतीने ठरलेलं, माणसाच्या प्रयत्नाला अर्थ नाही. बुद्धाने ते साफ नाकारलं. पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये हल्ला चढवला, तो उगाच नाही.

आता १९५६ कडे येऊ. ‘बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून लोक मेंढरांसारखे गेले’, हे आजही ऐकावं लागतं. तारखा बघा. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची कारणं एकेक करून मांडली आणि शेवटी बुद्धाचा स्वयंप्रकाशित होण्याचा उपदेश लोकांपुढे ठेवला. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. कळपाला विचार करायला कोणी २१ वर्षं देतं का?

आणि आमिष? ते तर उलट्या बाजूला होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना अनुसूचित जातीत जागा नव्हती. दीक्षा घेतली की सवलती जाणार. तेव्हा कळमनुरी हैदराबाद राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. महाराष्ट्राने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्राने थेट १९९० साली. म्हणजे ३४ वर्षं. या काळात कितीतरी घरांत भिंतीवर बुद्ध आणि पोराच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ अशी स्थिती होती. त्यांना दुटप्पी म्हणणं सोपं आहे. मला विचाराल तर दीक्षा स्वखुशीची होती, दाखला दबावाखालचा.

ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांवर तो आदेश अजूनही तसाच लागू आहे. त्यांच्या प्रश्नावर केंद्राने २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला.