मंग राजा कायले ठेवला?

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ मेहकरहून आला होता. अकरावीतला पोरगा. फराळाचं ताट मांडीवर, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवलेला आणि त्यावर जपानी अ‍ॅनिमे, 'द इल्युसिव्ह समुराई'. नायक म्हणजे तोकियुकी होजो नावाचा लहान पोरगा. १३३३ साली कामाकुरा शहर पडतं, त्याचं अख्खं घराणं संपतं आणि हा एकटा जीव घेऊन पळत राहतो.

"दादा, हे होजो म्हंजे शोगुन ना?"

नाही म्हटलं. शोगुनचे कारभारी.

"मंग शोगुन कुठी हाये?"

तोही होता तिथेच. नावाला.

"अन् जपानचा राजा?"

तो तिकडे क्योतोत. तोही नावाला.

पोरानं व्हिडिओ थांबवला. "मंग राजा कायले ठेवला त्याईनं? आपणच बसायचं ना सरळ गादीवर!"

मी हसलो आणि चकली पुढे केली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण तो जपानला विचारला तसा त्याच्याच जिल्ह्याला, बुलढाण्यालाही विचारता येतो. मेहकरहून फार लांब नसलेल्या साखरखेर्ड्याच्या शिवारात तर नक्कीच.

आधी होजोंचं थोडक्यात सांगतो. मिनामोतो योरितोमो हा इझू प्रांतात हद्दपार होऊन पडलेला सरदारपुत्र. त्याच्यावर नजर ठेवायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांत होजो तोकिमासा हा एक स्थानिक जमीनदार होता. झालं असं, की तोकिमासाची मुलगी मासाको कैद्याच्याच प्रेमात पडली. पुढे योरितोमो जिंकला, ११९२ मध्ये शोगुन झाला आणि ११९९ मध्ये वारला. मागे राहिली मुलं लहान होती, सासरा मात्र चांगला मुरलेला होता. १२०३ मध्ये थोरल्या मुलाला बाजूला करून धाकट्याला गादीवर बसवलं आणि आजोबा 'शिक्केन' म्हणजे कारभारी झाले. थोरला पुढच्या वर्षी मारला गेला. धाकट्याचा १२१९ मध्ये पुतण्यानं खून केला. योरितोमोचा वंश तिथे संपला.

आता तरी होजोंनी शोगुन व्हावं की नाही? त्यांनी क्योतोहून एका बड्या दरबारी घराण्यातलं तान्हं पोर आणवलं. पुढे ते मोठं होऊन डोकं चालवायला लागल्यावर त्याला परत पाठवलं. नंतर सरळ राजपुत्रच आणायला सुरुवात केली. १२२१ मध्ये निवृत्त सम्राटानं होजोंविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा त्याला हरवून दूरच्या बेटावर पाठवण्याइतकी ताकद त्यांच्यात होती. सम्राटपद मात्र त्यांनी मोडलं नाही, शोगुनपदही घेतलं नाही. १३० वर्षं ते कारभारीच राहिले.

कारण साधं आहे. होजो म्हणजे इझूतले किरकोळ जमीनदार. मिउरा, वादा, आदाची ही घराणी त्यांच्या बरोबरीची किंवा वरचढ. 'शोगुनचा हुकूम आहे' असं म्हटलं की ती मान झुकवत. 'होजोंचा हुकूम आहे' म्हटलं असतं, तर तलवारीला हात गेला असता.

आता साखरखेर्ड्याला येऊ. सिंदखेड राजा तालुक्यातलं हे गाव. १७२४ च्या ऑक्टोबरात इथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. दोघंही दिल्लीच्या बादशहाचे नोकर. निजाम तर काही महिन्यांपूर्वीपर्यंत बादशहाचा वजीर होता. त्याला दख्खनेतून उखडायला दिल्लीनंच मुबारिजखानाला आतून फूस दिली होती. मुबारिजखान पडला. बादशहाच्या माणसाला मारणारा निजाम बंडखोर ठरायला हवा होता. प्रत्यक्षात पुढच्या वर्षी त्याच बादशहानं त्याला दख्खनची सुभेदारी कायम करून 'आसफजाह' हा किताब दिला. निजामानं गावाला 'फत्तेखेर्डा' असं नाव दिलं. एवढं सगळं करून तो स्वतंत्र राजा झाला म्हणावं, तर तसंही नाही. हैदराबादची नाणी पुढे १८५७ पर्यंत दिल्लीच्या बादशहाच्या नावानं पडत राहिली. बादशहाचा अंमल लाल किल्ल्याच्या भिंतीपलीकडे उरला नव्हता, तेव्हासुद्धा.

याच लढाईत निजामाच्या बाजूनं एक चोवीस वर्षांचा मराठा सेनानी होता, बाजीराव पेशवा. तोही दुसऱ्या कुणाच्या तरी नावानंच आलेला. म्हणजे त्या दिवशी साखरखेर्ड्याच्या रानात पुढच्या शतकातली दोन मोठी 'कारभारी' घराणी एका बाजूला उभी होती. पुढे ती आयुष्यभर एकमेकांशी लढली, हा भाग वेगळा.

बाजीरावाकडे जाण्याआधी सिंदखेडला थांबावंच लागेल. तिथे लखुजी जाधवरावांचा वाडा आहे. जिजाबाईंचं माहेर म्हणून आपण तो बघतो, सेल्फी काढतो. पण या एका घरानं 'नावाचा राजा' हा प्रकार जितका जवळून पाहिला, तितका क्वचितच कुणी पाहिला असेल. अहमदनगरचं राज्य मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरनं निजामशाही वंशातला एक मुलगा शोधून गादीवर बसवला आणि १६२६ पर्यंत निजामशाहीच्या नावानं राज्य चालवलं. अंबर गेल्यावर निजामशाही राजानं १६२९ मध्ये लखुजी जाधवांना देवगिरीच्या दरबारात बोलावून मुलांसकट मारवलं. मग अंबरच्या मुलानं, फत्तेखानानं, त्या राजाला संपवून एक पोर गादीवर बसवलं. तेही राज्य मोगलांच्या हाती गेल्यावर लखुजींचे जावई शहाजीराजे यांनी निजामशाही वंशातलं आणखी एक मूल शोधलं, पेमगिरीवर त्याचा राज्याभिषेक केला आणि १६३६ पर्यंत त्याच्या नावानं मोगलांशी झुंज दिली. माहुलीला ते संपलं.

वडील नामधारी राज्याच्या दरबारात मारले गेले, नवऱ्यानं एका मुलाला मांडीवर घेऊन राज्य चालवलं. हे सगळं पाहिलेल्या जिजाबाईंनी ६ जून १६७४ ला मुलाचा राज्याभिषेक पाहिला. शिवाजीराजांसमोरही पर्याय होते. आदिलशाहीतला एखादा राजपुत्र हाताशी धरून मुखत्यार होता आलं असतं, प्रथा तीच होती. त्यांनी स्वतःच्या नावानं छत्र धरलं, स्वतःचा शक सुरू केला, नाणी पाडली. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी जिजाबाई वारल्या. त्या राज्याभिषेकाचं मोठेपण मला या बाजूनं जास्त कळतं. नाव आणि कारभार एका माणसात आणण्याचा तो प्रयत्न होता.

तो टिकला मात्र चाळीस वर्षंसुद्धा नाही.

१७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले. समोर ताराबाई, स्वतःच्या मुलाच्या नावानं सात वर्षं औरंगजेबाशी लढलेल्या. म्हणजे इथेही एक मासाको होतीच. या भाऊबंदकीत शाहूंना माणसं, पैसा, सरदार जुळवून दिले ते बाळाजी विश्वनाथ भटांनी. कोकणातून आलेलं हे घराणं मराठा सरदारांत मोठं नव्हतं. १७१३ मध्ये बाळाजींना पेशवेपद मिळालं. १७२० मध्ये त्यांच्यामागे बाजीरावाला, १७४० मध्ये नानासाहेबाला. तीन पिढ्यांत पद घराण्याचं झालं. शाहू असेपर्यंत मात्र नाव पोकळ नव्हतं. १७३१ मध्ये डभईला बाजीरावानं सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांशी लढाई केली आणि दाभाडे पडले. दोघंही शाहूंचेच चाकर. नंतर उमाबाई दाभाड्यांची समजूत घालायला शाहूंनाच मध्ये पडावं लागलं. ते कुणालाही शिक्षा करू शकले नाहीत, पण त्यांच्याशिवाय समेटही होईना. होजोंच्या शोगुनला एवढीही किंमत नव्हती.

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू गेले. दत्तक आले रामराजे, ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेले. पुढच्याच वर्षी सांगोल्याला रामराजांकडून कारभाराचे अधिकार पेशव्याकडे आले. मग ताराबाईंनीच रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं. नानासाहेबांनी त्यांना सोडवायला खटपट केली, पण जिवावर उदार होऊन नाही, असं माझं मत. कोंडलेला छत्रपती ताराबाईंच्या कामाचा होता, तसा पुण्याच्याही कामाचाच होता.

तरीही पुण्याला कुणी पेशवा झाला की वस्त्रं साताऱ्याहून यायची. शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव, मग 'मुख्य प्रधान'. १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले, बापाचा खून जन्माआधीच झालेला. अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळाला साताऱ्याची पेशवाईची वस्त्रं मिळाली! सत्तेत नसलेल्या राजाकडून पाळण्यातल्या बाळाला प्रधानपद. आणि राज्य कोण चालवणार? बारभाई, आणि अखेर नाना फडणवीस.

इथे मला होजो पुन्हा आठवतात. त्यांच्याही शेवटच्या पिढ्यांत हेच झालं. शिक्केनपदापेक्षा होजो घराण्याचा कर्ता पुरुष मोठा ठरला आणि त्याच्याहून त्याच्या घरचा कारभारी. सम्राट, शोगुन, शिक्केन, कुटुंबप्रमुख, दिवाणजी. आमच्याकडची उतरंड बघा. दिल्लीचा बादशहा, छत्रपती, पेशवा, फडणवीस. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे सरपंचपती!" खुर्ची बायकोची, सही नवऱ्याची. मी म्हटलं हो, आणि नवऱ्याच्याही मागे एखादा ग्रामसेवक समज.

या उतरंडीचा कळस १७९२ चा. महादजी शिंद्यांनी दिल्लीहून पेशव्यासाठी 'वकील-इ-मुतलक' हे पद आणलं होतं, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी. महादजी स्वतः त्या पदाचे नायब. पुण्यात मोठा दरबार भरवून सवाई माधवरावांना ती वस्त्रं द्यायची ठरली. पण पेशवा छत्रपतींचा नोकर, त्यानं दुसऱ्याची वस्त्रं कशी घ्यावीत? म्हणून साताऱ्याची परवानगी आणली गेली. डोळे गेलेल्या बादशहानं दिलेलं पद, नजरकैदेतल्या छत्रपतींच्या संमतीनं, नानांच्या मुठीतल्या अठरा वर्षांच्या पेशव्याला. आणि यात कुणाला हसू आलं नाही, कारण तिथल्या प्रत्येकाची दौलत याच कागदांवर उभी होती.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. नागपूरचे भोसले पेशव्याचं कधी ऐकत, कधी नाही. ऐकत नसत तेव्हा त्यांचं म्हणणं असे, की आम्हीही छत्रपतींचे नोकर आणि तुम्हीही. ऐकत तेव्हाही तोच आधार. पेशवा साताऱ्याची गादी मोडून स्वतः राजा झाला असता, तर भोसले, गायकवाड, शिंदे, होळकर यांना त्याला मुजरा करायचं कारणच उरलं नसतं. छत्रपतींचं नाव ही पेशव्याच्या पायातली बेडी होती आणि हातातली काठीही. बेडी तोडली की काठी जाणार.

एक फरक मात्र मला खुपतो. होजोंनी बरोबरीची घराणी एकेक करून संपवली, वादा १२१३ मध्ये, मिउरा १२४७ मध्ये. पण त्यासोबत १२२५ मध्ये सरदारांचं सल्लागार मंडळ नेमलं आणि १२३२ मध्ये ५१ कलमांचा लेखी कायदा केला, जो त्यांचं घराणं बुडाल्यावरही चालत राहिला. पुण्यात दफ्तर अफाट होतं, पैन् पैचा हिशेब होता, पण सरदार आणि पेशवा यांचं नातं काय, हे ठरवणारा एकही पक्का कागद नव्हता. जो तो आपली सनद काढून दाखवायचा. पेशवे होजोंइतके निर्दय नव्हते, हे त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. पण निर्दयपणा नाही आणि नियमही नाही, अशी ती अवस्था होती.

तिचा त्रास आमच्या वऱ्हाडानं भरपूर सोसला. इथे निजामाचाही अंमल आणि भोसल्यांचाही. लोक त्याला 'दोअमली' म्हणत. एकाच पिकावर दोघांचे वसूलदार. १७५७ च्या डिसेंबरात तर सिंदखेडलाच वेढा पडला. पेशव्याच्या फौजेचं नेतृत्व नावाला पंधरा वर्षांच्या विश्वासरावाकडे, लढणारे दत्ताजी शिंदे. आत निजामाच्या बाजूनं रामचंद्र जाधवराव, लखुजींच्याच घराण्यातले. मदतीला धावून आलेला निजामअली, ज्याचा भाऊ सलाबतजंग तेव्हा हैदराबादच्या गादीवर होता, तोही फार काळ टिकायचा नव्हता. तहात पेशव्यांना २५ लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग मिळाला. जिजाबाईंच्या माहेरच्या दारात हे सगळं घडलं आणि दोन्ही बाजूंना एकही माणूस स्वतःच्या नावानं लढत नव्हता.

१८१८ मध्ये एल्फिन्स्टननं या नावाची किंमत बरोबर ओळखली. सातारा घेतल्यावर त्यानं जाहीर केलं, की आम्ही छत्रपतींना पेशव्याच्या कैदेतून सोडवून राज्य देणार. अष्टीच्या लढाईनंतर प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले, गादीवर बसले आणि बाजीरावाच्या हातातली काठी गळून पडली. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना त्याच इंग्रजांनी पदच्युत केलं. १८४८ मध्ये सातारा खालसा केलं.

वऱ्हाडाचं प्रकरण त्याहून लांबलं. १८५३ मध्ये निजामानं हा मुलूख कर्जापोटी इंग्रजांच्या कारभारात दिला. १९०२ मध्ये कर्झननं तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं घेतला. कलेक्टर इंग्रजांचा, कचेरी इंग्रजांची, मालकी मात्र कागदोपत्री निजामाची. १९३६ मध्ये हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला. म्हणजे आमचे पणजोबा मेहकरच्या कचेरीत शेतसारा भरत होते, तेव्हा त्यांचा नावाचा राजा हैदराबादेत बसला होता.

हे ऐकून भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं व्हिडिओ पुन्हा चालू केला आणि विचारलं, "या तोकियुकीचं पुढं काय होते?" मी म्हटलं, १३३५ मध्ये तो कामाकुरा परत घेतो. वीसेक दिवस राहतो तिथे, मग पुन्हा पळतो.

"अन् तवा शोगुन कोन असते?"

तेव्हा कामाकुराला शोगुन नसतो. सम्राटाचा एक लहान मुलगा असतो, नावाला. आणि त्याच्या नावानं कारभार बघणारा आशिकागा नावाचा एक माणूस.